टोपीवरचं शिंग

“हा कोणी घासला?” मी विचारलं.

सब-इन्स्पेक्टर गावंडांनी माझ्या टेबलावर ठेवलेल्या पिशवीत एक पितळी बिल्ला होता. पिशवीला लेबल, सील, सगळं रीतसर. आत बिल्ला मात्र देवघरातल्या समईसारखा झगझगीत. खाडीच्या चिखलातून निघालेली वस्तू अशी दिसत नाही. ती काळी दिसते, कोळशासारखी.

“आमच्या हातात आला तो असाच,” गावंड म्हणाले. “म्हणून तर तुमच्याकडे आलो. जुना आहे की बाजारातला, एवढं सांगा मॅडम. जुना असेल तर मला खुनाचा तपास करायला नको.”

मी धातुसंवर्धक आहे. मुंबईतल्या एका संग्रहालयात नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर पेणला घरी परत आले. इथे मी माझं काम सांगितलं की लोक विचारतात, “म्हणजे हमरापूरच्या लोकांसारखं गणपतीच्या मूर्ती रंगवता का?” मी रंगवत नाही. चकचकीत तर अजिबात करत नाही. जुन्या धातूवर जो थर चढलेला असतो, त्यात त्या वस्तूची सगळी हकीकत असते. तो थर ठेवायचा आणि आतला धातू आणखी कुजणार नाही एवढं बघायचं, हे माझं काम. आमच्या धंद्यात वस्तू नवी करत नाहीत. आहे तिथे थांबवतात.

गावंडांनी हकीकत सांगितली. पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल पट्ट्यातल्या, एका गावी उधाणात बांध फुटला होता. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधाला असं भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड बुजवायला जेसीबी लावला. एके काळी त्याच जागी आणखी एक खांड पडली होती आणि माती-दगड टाकून ती बुजवलेली होती. त्या जुन्या भरावाखालून माणसाची हाडं निघाली. सोबत हा बिल्ला, खांद्यावर लावायची पितळी अक्षरं, आणि गंजून एकमेकांना चिकटलेल्या खिळ्यांचे दोन गोळे.

“खिळे कुठे होते?” मी विचारलं.

“हाताच्या हाडांपाशी. बुटाच्या तळाचे असावेत. पण पायाशी नव्हते.”

मी खारेपाटातली नाही, पण गावंड होते. ते म्हणाले, “पावसाळ्यात आमच्याकडे बांधावरून कोणी पायात काही घालून चालत नाय. बूट हातात घेतलेले होते त्याने. माणूस इथलाच, मॅडम.”

मी ते लिहून घेतलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पण लक्षात राहिलं.

मग बिल्ला पाहिला. असे बिल्ले नकली फार मिळतात. नकली बिल्ला बहुतेक वेळा साच्यात ओतलेला असतो आणि भिंगाखाली त्याचा पृष्ठभाग रवाळ दिसतो. खरा बिल्ला पातळ पत्र्यावर ठसा मारून काढलेला असतो. पुढे जे उंच, ते मागे खोल. हा ठशाचा होता. बफिंगच्या चाकाने त्याच्या कडा गुळगुळीत केल्या होत्या, पण नक्षीच्या एका बेचक्यात चाक पोचलं नव्हतं. तिथे काळा थर होता. खाडीच्या चिखलात पितळेवर चढतो तोच. बाजारातला माल नव्हता.

बिल्ल्यावर एक शिंग होतं, दोरीने टांगलेलं. वर मुकुट.

हे शिंग कुठून आलं ते थोडक्यात सांगते. पूर्वी विलायती फौजेत पायदळाला हुकूम मिळायचे ते ढोलाच्या आवाजावर. पण काही तुकड्या मुख्य फौजेच्या पुढे, रानावनात, विखरून धावत लढायच्या. त्यांना ढोल घेऊन पळणं शक्य नव्हतं. युरोपात अशा तुकड्यांत शिकारी लोक भरती व्हायचे आणि त्यांच्याकडे शिकारीचं शिंग असायचं. हुकूम शिंगावर द्यायला लागले. पुढे ब्रिटिशांनी तेच उचललं आणि चपळ पायदळाच्या टोपीवर ते शिंग कायमचं जाऊन बसलं. इकडे कोकणातून भरती झालेल्या मराठी पोरांच्या टोपीवरही तेच आलं. त्यातल्या कितीजणांनी विलायतेतल्या शिकाऱ्यांबद्दल ऐकलं असेल कोण जाणे.

संग्रहालयात माझ्याकडे अशा बिल्ल्यांचा एक अख्खा ट्रे होता. इजिप्तमध्ये लढलेल्या पलटणीच्या बिल्ल्यावर स्फिंक्स. हिंदुस्थानात वर्षानुवर्षं काढलेल्या गोऱ्या पलटणीच्या बिल्ल्यावर वाघ. किल्ला राखलेल्यांच्या बिल्ल्यावर किल्ला आणि किल्ली. पेटता हातबॉम्ब, वीणा, शहामृगाची पिसं. प्रत्येक चित्रामागे कुठली तरी लढाई, कुठला तरी राजा, आणि बरीच मेलेली माणसं. बिल्ला म्हणजे सैनिकाचं नाव नव्हे, त्याचं घराणं. म्हणून शिपायाला बेअब्रू करून काढायचं असलं की आधी सगळ्या पलटणीसमोर त्याचे बिल्ले आणि बटणं उतरवून घ्यायची.

काळ ठरवायला मुकुट उपयोगी पडतो. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर फुगीर आणि गोल. नंतर राणी आली तेव्हा मुकुटाचा नमुना बदलला आणि कमानी मधोमध खाली दबल्या. तोवर आपण स्वतंत्र झालो होतो. आपल्या पलटणींनी मुकुट काढून तिथे अशोकस्तंभाचे सिंह बसवले, शिंग तेवढं ठेवलं. इथे शिंगावर गोल कमानींचा मुकुट होता. म्हणजे राजाचा काळ.

“स्वातंत्र्याच्या आधीचा,” मी गावंडांना सांगितलं. “तुमचा खून असलाच तर खुनी केव्हाच मेला.”

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही तेव्हा काम संपल्यासारखं वाटलं.

खांद्यावरच्या अक्षरांना कोणी हात लावला नव्हता. ती काळी होती तशीच माझ्याकडे आली. मी ती शुद्ध पाण्यात भिजत ठेवली. पाणी बदलत राहायचं, आतलं मीठ बाहेर येऊ द्यायचं. मीठ राहिलं तर पितळ आतून सडत जातं. मग मायक्रोस्कोपखाली एकेक अक्षर मोकळं केलं. बिल्ला आणि अक्षरं एकाच पलटणीची निघाली.

त्या दिवसांत एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत ऑपरेटर. पहिली शिफ्ट संपवून थेट आला होता, अंगात कंपनीचा युनिफॉर्म तसाच.

“मॅडम, मी प्रकाश. रोह्याहून आलो, वरश्याला राहतो. तो बिल्ला माझ्या आज्याचा हाय.”

मी त्याला बसवलं. त्याने सांगितलं ते असं.

त्याच्या आईचे वडील महादू त्या खारेपाटातल्या गावचे. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. रजेवर घरी आले तेव्हा बायकोला दिवस गेले. रजा संपली. धरमतरची लाँच पकडून मुंबईला जायचं, तिथून पुढे पलटणीत. पहाटे अंधारात युनिफॉर्म घालून ते बांधाच्या वाटेने निघाले. त्या पहाटे अमावास्येचं उधाण होतं. बांध फुटला. उजाडताच सगळा गाव माती-दगड घेऊन खांड बुजवायला धावला. महादूचा बापही होता त्यात.

“कोणाला वाटलं नाही, की तो वाटेत...?”

“आजीला वाटलं. पण लोक म्हणाले, बुडाला असता तर फुगून वर आला असता. तो काय वर आला नाय. मग दोन महिन्यांनी मिलिटरी पोलीस आले. महादू हजर झाला नाय, कुठे लपवलाय म्हणून घर उलटंपालटं केलं. कणग्या फोडल्या. झालं. पळपुटा ठरला. मुंबईला दुसरी बाई ठेवली म्हणाले, गिरणीत लागला म्हणाले. कोणी तर तिकडे बघितला पण म्हणाले.”

घरी येणारे पैसे बंद झाले. मुलगी जन्मली ती पळपुट्याची पोर म्हणूनच. तिला पेणच्या बाजूने स्थळ आलं नाही, म्हणून रोह्याला दिली. गावात मंदिरापाशी पलटणीत गेलेल्या माणसांच्या नावांचा दगड आहे. त्यावर महादूचं नाव नाही.

“हाडं निघाली तसा चुलतभावाचा फोन आला. मी रजा टाकून गेलो. जेसीबीवाल्याने बिल्ला उचलून ठेवला होता. तो काळा गोळा. आईला मोतीबिंदू, तिला काय दिसणार? म्हणून रोह्याला नेला, बफिंग मारून घेतलं. आईच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मागितला तेव्हा देऊन टाकला.”

माझं लक्ष आता एकाच गोष्टीकडे होतं. “प्रकाश, मागच्या बाजूला काही होतं का? आकडे वगैरे?”

“होतं काहीतरी. ओरखडल्यासारखं. खराब दिसत होतं. मी बफिंगवाल्याला म्हटलं, मागून पण नीट मार.”

त्याला वाईट वाटू नये म्हणून मी चहा ठेवायला उठले.

सैनिक बऱ्याचदा आपल्या सामानावर आपला नंबर घालत. बराकीत सगळ्यांच्या टोप्या सारख्याच. कोणी नंबर ठोकून घेई, कोणी टोकदार खिळ्याने ओरखडून काढी. दोन्हींत फरक आहे. ठोकलेला आकडा वरून घासला तरी धातूच्या आत दाब शिल्लक असतो, प्रयोगशाळेत तो कधीकधी परत काढता येतो. ओरखडलेला आकडा वरच्यावर असतो. तो घासला की गेला.

मी बिल्ला मायक्रोस्कोपखाली उलटा ठेवला. बाजूने तिरका प्रकाश टाकला. तो टाकला की बारीकसा खड्डाही सावली धरतो. बफिंगच्या रेघाच रेघा दिसल्या, सगळ्या एका दिशेने. त्यांच्याखाली, त्यांना छेदून जाणारी एक उभी रेघ. तो एक असेल किंवा साताचा दांडा. पुढे अर्धं वाटोळं. बाकी काही नाही. फोटो काढले, प्रकाशाची दिशा बदलली, पुन्हा काढले. जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पाठवले. त्याचा फोन आला, “बाई, इथे काही नाही. तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं.

बिल्ल्याच्या मागे दोन कड्या होत्या आणि त्यांतून आरपार गेलेली एक पिन. ती जागेवर होती. कडीच्या मुळाशी, जिथे चाक पोचलं नव्हतं, जाड लोकरीचे चार धागे अडकलेले. म्हणजे बिल्ला खिशात नव्हता, टोपीला लावलेला होता.

प्रकाशची आई ताराबाई मला भेटायचं म्हणत होती. गावंडांना विचारून, त्यांच्या शिपायाला सोबत घेऊन, मी बिल्ला वरश्याला नेला. नव्या बिल्डिंगांच्या मधोमध त्यांचं जुनं बैठं घर. ताराबाई ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, अंगाने अगदी काटकुळ्या. मी बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या बोटांनी चाचपत राहिल्या.

“ह्ये शिंग ना?”

“हो. आणि वर मुकुट.”

“मना सांग बाय, ह्यो माझ्या बापाचाच हाय ना?”

प्रकाश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. शिपाई अंगणात.

मी म्हटलं, “ताराबाई, कोणाचा ते मला लिहून देता येणार नाही. नंबर वाचता येत नाही. पण ज्याचा होता त्याच्याबद्दल सांगू शकते.”

“सांग.”

“त्याच्या टोपीला बिल्ला लावलेला होता. खांद्यावर अक्षरं होती. बूट हातात होते. जो पळून जातो तो आधी बिल्ला काढून फेकतो, धोतर नेसतो. हा माणूस पुरा युनिफॉर्म घालून चालला होता. तो पळत नव्हता. ड्यूटीवर निघाला होता.”

ताराबाईंनी मान हलवली. त्यांना रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

“माझी आई हेच सांगायची,” त्या म्हणाल्या. “टोपी घालून गेला गो, मी सोता पायलाय. कोन ऐकतंय? मी पन नाय ऐकलं. लोक मना पळपुट्याची म्हनायचे, मी घरी येऊन तिलाच बोलायची. तुझा नवरा पळाला, मना कशाला जन्म दिलास. मराया टेकली तवा पन बोलली, तारे, तो पळाला नाय. मी म्हटलं, गप निज.”

त्यांनी बिल्ला मुठीत घट्ट धरला.

“आयुष्यभर शिव्या दिल्या गो मी त्याला,” त्या म्हणाल्या. “आनि तो तितंच व्हता. माझ्या आज्यानंच माती टाकली त्याच्यावर.”

प्रकाश आत निघून गेला. मी बिल्ला परत मागितला. तो मुद्देमाल होता, ठेवता येणार नव्हता. ताराबाईंनी मूठ उघडायला वेळ लावला. शिपाई तरुण होता. तो अंगणातून म्हणाला, “राहू द्या मॅडम, बसू द्या आजींना. मला घाई नाय.”

त्यानंतरचं सगळं कागदावर झालं. हाडाचा तुकडा डीएनए तपासणीला गेला. इतकी वर्षं खाऱ्या चिखलात राहिल्यामुळे नमुना तुलनेला पुरेसा नाही, असं उत्तर आलं. प्रकाशने पलटणीकडे अर्ज केला. तिकडचे अधिकारी फोनवर आदराने, समजुतीने बोलले. पण त्या भागातून त्या काळी पुष्कळ माणसं भरती झाली होती. रजेवर आली-गेली, हजर न झालेलेही एकटे महादू नव्हते. नोंद बदलायची तर हा मृतदेह त्याच माणसाचा, याला काहीतरी आधार लागेल. सैनिक नंबर मिळाला तर लगेच बघू, ते म्हणाले.

माझा रिपोर्ट दोन पानांचा झाला. पलटण कोणती, काळ कोणता, बिल्ला टोपीला लावलेला होता हे कशावरून, सगळं लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात लिहावं लागलं: मागील पृष्ठभाग अलीकडे यंत्राने घासलेला आहे, त्यावरील ओरखडलेली मूळ खूण वाचण्याच्या पलीकडे आहे. हे वाक्य गाळावं असा विचार केला. एक पूर्ण संध्याकाळ केला. पण ते गाळलं तर पुढे कोणीतरी विचारणार, मागे नंबर होता का ते पाहिलंत का. आणि मग बाकीच्या सगळ्या रिपोर्टवर कोणी विश्वास ठेवला नसता. महादूच्या बाजूने तेवढंच तर होतं.

प्रकाश रिपोर्टची कॉपी घेऊन आला. तो शेवटचा परिच्छेद वर दिसेल अशी कागदाची घडी केलेली होती.

“मॅडम, हे यंत्राने घासलं म्हणजे मी केलं ते ना?”

“हो.”

“तिथे नंबर होता?”

“बहुतेक. पूर्ण होता की नाही, मला सांगता येणार नाही.”

“असता तर?”

मी काही खोटं शोधत होते. सापडलं नाही. “असता तर पलटणीच्या नोंदीत नाव निघालं असतं.”

त्याने कागद पुन्हा घडीवर दुमडला. मग म्हणाला, “तिला दिसावं म्हणून केलं हो.”

“मला माहीत आहे.”

“तिला तरी कुठे दिसला. हातानेच बघितलान.” त्याने कागद खिशात घातला. “आईला नका सांगू.”

“नाही सांगणार.”

“ती विचारते रोज. नाव निघालं का म्हणून. मी सांगतो, साहेब रजेवर हाय.”

हाडं बेवारस म्हणून नोंदली गेली. गावंडांनी एवढं केलं की अंत्यसंस्कार त्याच गावात, खाडीकाठच्या स्मशानात होतील असं पाहिलं. सरकारी कागदावर ‘अनोळखी पुरुष’. अग्नी देताना पंचायतीच्या माणसाने विचारलं, कोण देतंय? प्रकाश पुढे झाला. कोणी हरकत घेतली नाही. गावातली पाचसहा म्हातारी माणसं लांब उभी होती, जवळ आली नाहीत. त्यांच्यातल्या एकाने जाताना मला विचारलं, “मंग तो पळाला नव्हता?” मी म्हटलं, हा माणूस पळाला नव्हता. “हा म्हंजे कोन?” त्याने विचारलं.

दगडावर नाव चढवायचा विषय ग्रामसभेत आला. पलटणीचं पत्र आणा, असं ठरलं. ते पत्र कधी येणार नव्हतं. ताराबाईंनी वडिलांचे दिवस वरश्यालाच घातले, आणि आईचे पुन्हा घातले. भटजी म्हणाले, आईचे तर झालेत. त्या म्हणाल्या, तेव्हा मी नीट केले नव्हते.

पुढच्या पावसाळ्याआधी त्या गेल्या. प्रकाशने कळवलं. मी गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “विचारायची थांबली होती, मॅडम. शेवटी शेवटी.”

बिल्ला अजून मुद्देमालात आहे. कोणाला द्यायचा याचा निर्णय झालेला नाही.

लोक मला विचारतात, अशा कामात समाधान मिळतं का. मी एवढंच सांगते, की रिपोर्टात दिलासा लिहायचा नसतो. द्यायचाच असला तर तो समोर बसून तोंडी द्यावा. त्याच्यावर सही मागणारं कोणी नसतं, आणि कुठल्याही ऑफिसात तो चालत नाही.